पान चौऱ्याऐंशीवरची बारव

प्रिय रविराज,

उन्हाळ्यात तू मला चारचौघांत म्हणालास, आजी, तुझं वय झालं, तू विसरतेस. व्हय बाबा, विसरते. म्हणून दसऱ्याला आलेला माणूस काय काय विसरून गेला, ते आधी लिहूनच ठेवते. फोनची वायर, एक पायमोजा, दाढीचं सामान, आणि ज्याच्यात तुझा निबंध छापून आलाय ते पुस्तक. वायर तुझ्या बापानं लावून घेतली. मोजा कोंबडीच्या खुराड्याच्या दाराला बांधलाय, दार आता वाजत नाही. दाढीचं सामान या पत्राबरोबर पाठवतेय, त्याचं काय करायचं ते पुढं सांगते. पुस्तक मात्र मी ठेवून घेतलं.

हे पत्र तुझी आई लिहून घेते आहे. मी हाय म्हटलं की ती आहे लिहिते, मी शिवी दिली की खोकते आणि पुढं जाते. सासूचं बोलणं सुधारायची संधी तिला पंचवीस वर्षांनी मिळाली आहे, घेऊ दे. फोन का केला नाही विचारशील. फोनवर तू व्हय व्हय म्हणतोस आणि पलीकडं चहा पितोस, मला कपाचा आवाज येतो. दुसरं म्हणजे तूच सांगितलंस की तोंडी सांगितलेलं तुमच्याकडं धरत नाहीत. म्हणून कागदावर घे.

तुझा निबंध मी आईकडून तीन दुपारी वाचून घेतला. धनगरांच्या वाटा आणि पाणवठे, असं नाव आहे. पहिल्या दुपारी मला झोप आली. दुसऱ्या दुपारी हसू आलं. तिसऱ्या दुपारी शेवटची यादी आली, कुठल्या पुस्तकातून काय घेतलं त्याची. ती मी दोनदा वाचायला लावली. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव, कंसात साल, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात, छापणारा, गाव. ओळ संपली नाही तर दुसरी ओळ आत ढकलायची. उन्हाळ्यात तू आठ दिवस ती ओळ आत ढकलत बसला होतास. तुझी आई जेवायला हाका मारायची आणि तू म्हणायचास, थांब गं, माझा स्वल्पविराम राहिलाय. तुझ्या आज्जानं, बिराप्पानं, दोनशे मेंढरं इतक्या काळजीनं वाघरीत घेतली नाहीत. वाघर म्हणजे मेंढराभोवती लावायची जाळी. हे तुझ्या सरांसाठी लिहायला सांगितलं, तुला ठाऊक असावं.

आणि पानापानांवर खाली बारीक अक्षरात तेच नाव. निकम, उदयसिंह, पान चौऱ्याऐंशी. त्याखाली तत्रैव, तत्रैव. आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, तेच पुस्तक, तेच पान. म्हणजे सबंध निबंधभर तू त्या एका पानाच्या शेपटीला नाक लावून चाललास. निकम म्हणजे तुझेच सर. पुस्तक त्यांचं, तपासणारे ते, बक्षीस देणारेही ते. त्यांना तुझी यादी आवडली नसती तरच नवल.

उन्हाळ्यातलं आठव. ओट्यावर सगळे होते. मी शेंगा फोडत होते आणि तू विचारत होतास, आजी, वाईकडं जाताना मेंढरं कुठं कुठं पाणी प्यायची? मी सांगत गेले. सातवं आलं कडेगावच्या अलीकडचं, लालासाहेबांच्या उसातली बारव. म्हटलं, सगळ्या वाटेवर तिथलं पाणी गोड, मेंढरू तिथून हलायचं नाही. तू हसलास. म्हणालास, उलटं सांगतेस, पुस्तकात आहे की धनगराचं मेंढरू त्या बारवेला तोंड लावत नाही. एक नवी नवरी पाण्यासाठी पायऱ्या उतरून गेली ती वर आली नाही, तेव्हापासून ते पाणी वर्ज्य आहे. मग म्हणालास, तू विसरतेस. मग म्हणालास, आणि तुझं धरता येत नाही गं, छापील लागतं. तुझा बाप हसला. तुझी आईसुद्धा पदराआड हसली, आता लिहिताना मान खाली घातली आहे. मी पुढची शेंग फोडली. तुला वाटलं आजी गप झाली म्हणजे हरली. मी तुझ्याकडं बघत होते, की याला कधी आठवतंय.

आता दाढीचं सामान काढ. सरांसारखी दाढी ठेवली आहेस ती हनुवटीपुरती तरी उतरव आणि आरशात बघ. उजवीकडं तिरपी खूण आहे, तुझ्या पुस्तकांच्या नावांसारखी तिरपी. सहा वर्षांचा होतास. मेंढरं लालासाहेबांच्या रानात बसवली होती, लेंडीच्या खतासाठी ते स्वतः बोलवायला यायचे तेव्हा. तू त्या बारवेच्या पाचव्या पायरीवर ओंजळीनं पाणी पीत होतास, मागून कोकरानं ढुशी दिली आणि तू तोंडावर पडलास. मी हळद दाबली, तू रडता रडता म्हणालास, आजी, आणखी पाणी दे. तू प्यालास, कोकरू प्यालं, सगळा कळप प्याला. तुझ्या हनुवटीला पान क्रमांक नाही म्हणून तू ती धरली नाहीस.

इथवर थट्टा झाली. पुढचं लिहायला तुझी आई नको म्हणत होती, आवं आत्या, परीक्षा जवळ आली आहे पोराची, म्हणून. मी म्हटलं, डोळे पुसायचे तर पदरानं पूस, कागद भिजवू नको, आणि लिही.

दिवाळी झाल्यावर ज्योतिबा मेंढरं घेऊन गेला. तुझा चुलता, तुला खांद्यावर घेऊन हिंडलेला. दोन दिवसांची तहानलेली मेंढरं घेऊन बारवेपाशी पोचला तर तारेचं कुंपण. लालासाहेब आता अंथरुणावर आहेत, कारभार त्यांच्या पोराकडं, यशराजकडं. त्याला बारवेवर मोटर बसवायची आहे. त्यानं कुंपणावर मोठा बोर्ड लावला आहे. ज्योतिबा सातवीपर्यंत शिकलेला, त्यानं वाचला. धनगर समाजाची मेंढरे या बारवेचे पाणी पीत नाहीत. खाली, मोटे, रविराज, कंसात साल, निबंधाचं नाव तिरप्या अक्षरात, पान सुद्धा. दुसरी ओळ आत ढकललेली आहे म्हणे. यशराज म्हणाला, तुमच्याच पोरानं लिहिलंय, आम्ही कुठं काय म्हणतोय? गडी बोलवून कळप हाकलला. मेंढरं शेजारच्या उसाच्या पाटाला लागली. पाटात नुकतंच युरियाचं खत सोडलेलं. ज्योतिबा काठी टाकून, हातांनी ओढत होता. अकरा मेली, त्यातल्या सहा गाभण होत्या. त्यानं मला फोन केला तेव्हा मेंढरांचं काही बोलला नाही. एवढंच विचारलं, काकू, आपल्या रव्यानं असं का लिहिलं?

तुझ्या बापानं स्टँडवर तुझा फ्लेक्स लावला आहे, बक्षीस घेतानाचा. ज्योतिबा गावात आला की त्याच्याखालून येतो. बाप उतरवायला निघाला होता. मी उतरवू दिला नाही. तो तुझ्या हातानं उतरायचा आहे.

आता म्हणशील, आजी, मग चूक सरांची. थांब. तुझे सर आले होते आमच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, तू जन्मायच्या आधी. वाईजवळ होतो. बिराप्पा बोलणारा माणूस नव्हता, मीच बोलले तीन दिवस. तीन दिवस माझ्या हातची भाकरी खाल्ली. मालकाचं नाव लिहून घेतलं, मेंढरं किती ते लिहिलं, घोड्याचं नाव विचारलं आणि तेही लिहिलं. माझं विचारलं नाही. निघताना म्हणाले, बाई, हे सगळं ठीक आहे, पण एखादी रंगतदार गोष्ट नाही का? मी म्हटलं, आहे की. चुलीतलं लाकूड पुढं सारता सारता एक नवरी तयार केली आणि पहिली तोंडाला आली त्या बारवेत उतरवली. मेंढरं पाणी पीत नाहीत हेही जोडून दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेल्यावर बिराप्पा आणि मी पोट धरून हसलो. बिराप्पा आयुष्यात तेवढाच मोठ्यानं हसला असेल. पान चौऱ्याऐंशीवर ते सगळं आहे, तुझ्या आईनं तुझ्या निबंधातून वाचलं. एका वृद्ध मेंढपाळ स्त्रीने सांगितले, असं लिहिलंय. वृद्ध! चाळिशीची होते मी, आणि पाटीत कोकरू घेऊन घाट चढत होते.

उन्हाळ्यात हे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तू विसरतेस म्हणालास आणि मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, जाऊ दे याला, पडू दे तोंडावर, पुन्हा खूण झाली तर आठवेल. पडलास तू, पण लागलं ज्योतिबाला. ती अकरा मेंढरं माझी, सरांची आणि तुझी आहेत. वाटे कसे करायचे ते तू शिकलेला आहेस, तू बघ.

आता पत्र कशासाठी ते ऐक. येत्या गुरुवारी अकरा वाजता कडेगावच्या तहसील कचेरीत ज्योतिबानं बारव मोकळी करायला केलेल्या अर्जाची सुनावणी आहे. यशराज तुझं पुस्तक घेऊन येणार. मी जाऊन बोलले तर माझं तोंडी, कोण धरणार? आणि बोर्डावर माझं नाव कुठं आहे? तुझं आहे. तेव्हा सुधारून लिहून तू स्वतः ये, आणि त्याची एक प्रत छापायला दे. तुझ्या त्या यादीत पहिल्यांदाच माझं नाव घाल. मोटे, हरणाबाई. कंसात यंदाचं साल. छापणारा नाही. पान चौथं, आई म्हणते आहे की चौथं चालू आहे. आणि पुढं साध्या सरळ अक्षरात लिही: हिने खोटे सांगितले, माझ्या सरांनी ते छापले, आणि मी त्या बारवेचे पाणी प्यालेलो असून ते खोटे उतरवून घेतले. सर तुला पुढच्या शिक्षणाला ठेवणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवलं नसतं. ज्योतिबाला हाताखाली माणूस हवंच आहे. दाढी करून ये, कचेरीतल्या साहेबांना हनुवटी दिसली पाहिजे.

खाली अंगठा उठवला आहे. शाई तुझ्याच बक्षिसाच्या पेनाची, आईला देऊन गेलास त्याची.

तुझीच, नाव विसरू नको म्हणून पूर्ण सांगते,
हरणाबाई बिराप्पा मोटे

ता.क. बक्षिसाचे म्हणून दसऱ्याला आणलेस ते पेढे दगड होते. मला दात नाहीत हेही विसरलास. गुरुवारी ज्योतिबाजवळ साताऱ्याचे अर्धा किलो कंदी पेढे दे, त्याच सकाळचे, बोटानं दाबून मऊ बघून. तुला घरी यायला तोंड होईल न होईल, पेढे आले पाहिजेत.