दळणाला आलेला पाहुणा

आबा,

गोळी सुरू झाल्यापासून मला रडू येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लेकीचं पत्र इतकं कोरडं कसं, असं तुम्हाला वाटायला नको. धडधड कमी झाली, भाकरी थापताना हात थरथरत नाही, एवढं बरं आहे. पण परवा नातीचं बारसं झालं, बाया पाळणा म्हणत होत्या आणि मी आपली परक्या घरी आल्यासारखी बसून होते. परभणीला डॉक्टर गोळ्या देतात आणि त्यांच्याच दवाखान्यात एक बाई आहेत, त्या तासभर मला बोलतं करतात. त्यांनीच सांगितलं, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं त्याला पत्र लिहा, पाठवायचं नाही, नुसतं लिहा. तुमच्याशिवाय कोण आठवणार मला?

त्या बाई आरामाचा व्यायाम पण शिकवतात. डोळे मिटायचे, पायाची बोटं घट्ट आवळायची, मग सैल सोडायची. मग पोटऱ्या, मग मांड्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सगळं शिकून घेतलं. चांगलं जमतंय तुम्हाला, म्हणाल्या. न जमायला काय झालं? सतरा वर्षांची असताना मी हे पालमच्या आपल्या गिरणीत रोज बघत होते.

गिरणी चालू असली की तुम्ही ठणठणीत. पट्ट्याच्या त्या खडखडाटात तुम्ही पीठ चिमटीत धरायचे, जाड-बारीक बघायचे, गिऱ्हाइकाची चेष्टा करायचे. लाइट गेली, गिरणी गप झाली, की तुमच्या छातीची धडधड सुरू व्हायची. आईनं दृष्ट काढून पाहिली, नवस बोलून पाहिला. शेवटी परभणीचे डॉक्टर म्हणाले, काळीज धड आहे, हा भीतीचा आजार आहे, गोळ्या घ्या, महिन्याला येऊन मोकळं बोला आणि हा व्यायाम करा. तेव्हापासून लाइट गेली की तुम्ही पोत्यांवर आडवे आणि मी दारात. कुणी आलं की, आबा जेवायला गेलेत. दिवसातून चार-चार वेळा जेवणारा माणूस म्हणून तुमची ख्याती झाली होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद पडली आणि तुमच्या गोळ्या संपल्या, ते चार दिवस मला आठवतात. तुम्ही अंगणात नुसते येरझारा घालताय, सदरा घामानं भिजलाय, आई मागे-मागे पाण्याचा तांब्या घेऊन. पहिली गाडी सुटली तशी मी तुम्हाला घेऊन गेले. गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, साहेब, सगळा जिल्हाच घाबरलाय, मग गोळ्या मला एकट्यालाच का? डॉक्टर हसले. मी पण हसले होते आबा, खरंच.

मग ते जिंतूरचं स्थळ आलं. मुलीला बघायला यायच्या आधी, घर कसं आहे याची गुपचूप चौकशी करायला एक जण आला. डोक्यावर ज्वारीचा डबा, म्हणाला, बहिणीकडं आलोय, दळण द्या. तेवढ्यात लाइट गेली. बोलता-बोलता तो म्हणाला, गाडीत बसलं की छातीत लय धडधडतं. झालं! तुम्ही खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, हा माझा आजार, यात लाजायचं काय, असं सांगितलं आणि त्याला पोत्यांवर निजवून बोटं आवळायला, सोडायला शिकवलं. आपल्या नातलगाला शिकवावं तसं. लाइट आल्यावर माणूस खुशीत पीठ घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण बाप डोक्यानं बरा नाही, अशा गोष्टी रक्तात उतरतात. तो मुलाचा चुलता होता.

मी तुम्हाला गिरणीतच गाठलं. म्हणाले, "आबा, यापुढं कुणापाशी बिमारीचा जिकर केला तर मला मेलेली समजा."

तुम्ही चिमटीतलं पीठ खाली सोडलं. "बरं बाई. न्हाई सांगत."

आणि नाहीच सांगितलं. पोत्यांवर आडवं होणं बंद केलं. गाडीत कुणी बघेल म्हणून परभणीला जाणं बंद केलं, गोळ्या आपसूक सुटल्या. लाइट गेली की बाहेर उन्हात उभे राहून गिऱ्हाइकांशी हसून बोलायचे, पाठीला सदरा चिकटलेला. पुढच्या वर्षी पिंगळीला माझं लग्न लागलं. तुम्ही लेकीकडं यायचं टाळता म्हणून सासरचे तुम्हाला मानी समजत. अकरा वर्षं तुम्ही तशीच काढली. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुझ्या सासरी कळलं न्हाई ना?" मी म्हणाले, न्हाई आबा. तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं.

इथं रडू यायला पाहिजे होतं. येत नाही.

बाईंना हे पत्र मी दाखवणार नाही. माझ्या गोळ्या पिठाच्या डब्यामागं आहेत, तिथंच हे पण ठेवीन. मी परभणीला बँकेच्या कामाला जाते असं घरात सगळ्यांना वाटतं. दाखवलं तर बाईंना कळेल की मी त्यांच्याशी खोटं बोलले. पहिल्याच दिवशी त्यांनी कागद भरताना विचारलं होतं, तुमच्या घरात आधी कुणाला असा त्रास होता का, वडिलांना, आईला? आता माझं कुठलं लग्न मोडणार होतं आबा? तरी मी म्हणाले, कुणालाच नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.