रिकाम्या खोलीचा आवाज

सोमवार
नोकरी लागली, आणि तीही नुसतं कान देऊन ऐकायची! आमच्या संगीतकार बाईंना चित्रपटासाठी जुन्या काळचा वाद्यमेळ हवाय, पण चाळीस वादक बोलवायची ऐपत नाही. म्हणून सॅम्पल लायब्ररी. खऱ्या वाद्याचा एकेक सूर आधीच रेकॉर्ड केलेला असतो. कीबोर्डची पट्टी दाबली की वाजतो. अशा नऊ लायब्ररींना मी गुण द्यायचे आणि नको ते आवाज पुसायचे. खोली छोटी. दारासमोर माझं टेबल, वर पाठीमागच्या भिंतीला अडकवलेला अवाढव्य लाकडी स्पीकर, सासूसारखा डोक्यावर बसलेला. खुर्ची कुरकुरते. रविवारी टिटवी येतेय. धाकट्या बहिणीचं हे नाव मीच ठेवलंय. तिचं तोंड बंद व्हायचं नाव घेत नाही.

मंगळवार
पहिल्या चार फारच गुळगुळीत, जुनेपणाचा मागमूस नाही. पाचवीने मात्र जीव खूश केला. तीस वर्षांपूर्वी याच खोलीत रेकॉर्ड झालेली. व्हायोलिनच्या गजाची खरखर, वादकांचे श्वास, सगळं शाबूत. सोबत अर्ध्या तासाची एक फाईल, नुसत्या रिकाम्या खोलीची. सुरांमधल्या जागा मेल्यासारख्या वाटू नयेत म्हणून ती संगीताखाली पसरायची. दहापैकी दहा दिले. त्या फाईलमध्ये एकदा कप फुटतो आणि कुणीतरी तीनदा शिंकतं. दुपारी माझ्या हातून कप फुटला. मग मला तीन शिंका आल्या. गंमत वाटली.

बुधवार
गंमत संपली. फाईलमध्ये पुढे माझी खुर्ची कुरकुरते, मी गुणगुणतो, बाई मला नावाने हाक मारतात. आज सगळं त्याच क्रमाने घडलं. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, नवीन माणसाचे कान वाजतातच. मी फाईलमधली कुरकुर तेवढी पुसली. तेव्हापासून खुर्ची कुरकुरत नाही. मुद्दाम आदळून बसून पाहिलं. जरा धीर आला. म्हणजे हे माझ्या हातात आहे.

गुरुवार
शेवटपर्यंत ऐकली. दार करकरतं. टिटवीचं हसू. मग तिची किंकाळी, आणि काहीतरी जड कोसळतं. पुढे काही नाही.
फोन करून येऊ नकोस म्हणालो. तिकीट काढलंय, दादागिरी पुरे, म्हणाली.
दारापासून पुढचं सगळं पुसलं. मूळ फाईलवरच सेव्ह केलं. आता ती सुखरूप. खूप रडलो.

शनिवार
खुर्ची मोडली. मी जमिनीवर. आवाज अजिबात नाही. खुर्चीचा पाय उभा चिरलाय — चीर आधीचीच असणार. कुरकुर तेच तर सांगत होती.
फक्त आवाज जातो. घडायचं ते घडतंच.
पुसलेलं परत येत नाही. टिटवीचा फोन लागत नाही.

रविवार
इमारतीला दोन जिने, कुठून येईल कळत नाही. म्हणून इथेच, स्टुलावर. दाराजवळचं कपाट ढकलून आत आणलं, माझ्या मागच्या भिंतीवर चांगलंच आदळलं, वरच्या स्पीकरसकट भिंत हादरली. आता तिच्यावर पडेल असं तिथे काही नाही.
दार करकरणार नाही. नजर हलवायची नाही —

उघडलं. टिटवी. हसतेय, आवाज नाही. हाताने थांबवलं. थांबली. वाचली —

हसू गेलं तिचं. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. बोट माझ्या डोक्याच्या वर —

ओरडतेय. ऐकू येत नाही. काय म्हणतेस, टिटवे, मला