वखारीतल्या रंगमंचाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय पूर्वी नाटक आणि आता काही नाही, राहणार वखारीमागच्या घरात, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणावे इतका माझ्याकडे कोणाचा राबता उरलेलाच नाही. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जन्मभर नाट्यसंस्था चालवलेल्या बाईला असा दाखला मिळतो, याचे मलाच नवल वाटले. फुप्फुसांबद्दल मात्र त्याच डॉक्टरांनी काही बरे लिहिलेले नाही.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. का, ते पुढे येईल. वकीलबाईंनी बजावले आहे की मृत्युपत्रात भावना लिहू नयेत, त्याने कज्जे वाढतात. मी प्रयत्न करीन.

१. मालमत्तेविषयी. वखार आणि तिच्याखालची जमीन माझ्या वडिलांची. ते लाकडाचे व्यापारी होते. मी एकुलती एक. ते गेल्यावर माझ्या यजमानांनी आणि मी वखारीत नाट्यसंस्था काढली. विकायला ठेवलेल्या फळ्यांचाच रंगमंच झाला. संस्थेला ही जागा मी हयात असेपर्यंत वापरायला दिली, पण मालकी माझ्याच नावे ठेवली. तसा आग्रह यजमानांचा होता. ते म्हणाले होते, "संस्था सगळ्यांची, जमीन तुझी. उद्या भांडण झालं तर निदान दार तरी आपलं राहील." पुढे भांडण झाले. दार माझेच होते, आणि त्यातून बाहेर मीच पडले.

२. दरबाराच्या देखाव्यातले सिंहासन मी संस्थेचे माजी अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, यांना देते. ते प्लायवुडचे असून त्याचा डावा पाय आखूड आहे, बसताना जपावे. ते त्यांनाच का, हे लिहिणे भाग आहे.

यजमान गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी कार्यकारी मंडळाची सभा रंगमंचावर भरली, कारण कचेरीचे छत गळत होते. मंडळात आम्ही पाच जण. अध्यक्ष डॉक्टर. संस्थेचे मुख्य नट, ज्यांना जन्मभर राजाचीच कामे केल्यामुळे सगळे राजे म्हणतात. माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्या कपडेपट सांभाळत. माझी लेक. आणि मी, दिग्दर्शिका. दरबार लावलेलाच होता. डॉक्टर सवयीने मधल्या खुर्चीत बसले, ती नेमकी सिंहासनाची निघाली. कोणी हसले नाही. तिथेच मी ओळखायला हवे होते.

डॉक्टर बराच वेळ बोलले. समोरच्याचे तोंड उघडे ठेवून आपणच बोलत राहायचे, ही त्यांची दवाखान्यातली सवय सभेतही सुटली नाही. सार एवढेच की प्रेक्षक आटले आहेत, दिग्दर्शिकेने आता विश्रांती घ्यावी आणि सूत्रे राजेंकडे द्यावीत. राजे खाली मान घालून बसले होते, पण त्यांचा हात वर होता. नणंदबाई म्हणाल्या, हिला काढायचे तर आधी पायाखालची जमीन काढा, तीही हिचीच आहे. दोन हात त्या बाजूला, दोन या बाजूला. मग सगळे माझ्या लेकीकडे पाहू लागले.

ती म्हणाली, "आई, तू वाईट दिग्दर्शक नाहीस. पण तू आहेस तोवर इथे दुसरं कुणी होणार नाही."

आणि तिने हात वर केला. मी चपला घातल्या आणि घरी आले. मध्ये एक भिंतच आहे, त्यामुळे पुढच्या तालमी मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत राहिल्या.

डॉक्टरांवर माझा राग आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, तो माझ्याबरोबरच जाईल.

३. कपडेपटाविषयी. नणंदबाई आता नाहीत. त्यांनी शिवलेले झगे, अंगरखे, सैनिकांचे पट्टे दोन कपाटांत आहेत. कोणी मागितल्यास द्यावेत. कोणी मागणार नाही, मी विचारून पाहिले आहे. शाळेला फक्त मागच्या पडद्याच्या साध्या चादरी हव्या होत्या, त्या त्यांनी नेल्या. उरलेल्याची विल्हेवाट लावताना लेकीने स्वतः तिथे थांबू नये. हे काम हमालांकडून करून घ्यावे.

४. बँकेतील ठेव माझ्या आजारपणाला पुरली तर पुष्कळ झाले. काही उरल्यास लेकीचे.

५. वखार, जमीन व राहते घर. इथे मला सगळे सांगावे लागेल.

मला काढल्यानंतर राजेंनी पहिले नाटक बसवले. ते सपशेल पडावे असे मला मनापासून वाटत होते. प्रयोगाला मी मागच्या रांगेत, खांबाआड जाऊन बसले. नाटक चांगले होते. माझ्यापेक्षा चांगले होते. ज्या प्रवेशात मी पात्रांना उगाच इकडून तिकडे फिरवले असते, तिथे राजेंनी त्यांना नुसते उभे ठेवले होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. पण आजूबाजूच्या खुर्च्या माझ्या वेळी रिकाम्या असत तितक्याच रिकाम्या होत्या.

त्या दिवशी माझा आधार गेला. तोवर मला वाटे, मंडळाने संस्था बुडवली. मंडळाला वाटे, मी बुडवली. दोन्हीकडे दोष द्यायला कोणीतरी होते. आता कोणीच राहिले नाही. लोकांना नाटक नको झाले होते, इतकेच. वाईट नको होते तसे चांगलेही नको होते.

पुढचे थोडक्यात. नणंदबाई गेल्या. डॉक्टरांचा दवाखान्याचा व्याप एकाएकी वाढला आणि त्यांनी राजीनामा दिला. नटांतले कोणी विमा विकू लागले, कोणी गाव सोडून गेले. राजेंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. अध्यक्षपद लेकीकडे आले, कारण ते घेणारे दुसरे कोणी नव्हते. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि सुट्टीच्या दुपारी येऊन वखार उघडत असे.

सभासद म्हणून सभेची सूचना मला टपालाने येई. भिंतीपलीकडे राहणाऱ्या आईला लेक टपालाने सूचना धाडते, यावरून आमचे बोलणे कितपत होते ते समजावे. मी कधी गेले नाही. उलट पहिले मृत्युपत्र करून सगळी जागा कायमची संस्थेला देऊन टाकली आणि लेकीला आजन्म विश्वस्त नेमले. हिने मला काढले ना, मग हिनेच हे मरेपर्यंत ओढावे. त्यात थोडा आशीर्वाद होता आणि बराचसा सूड.

गेल्या उन्हाळ्यात सूचना आली, तिच्यात एकच विषय होता: संस्था विसर्जित करणे. मी गेले.

रंगमंचाखाली टेबल मांडून ती एकटी बसली होती. मी धापा टाकत आले तसे तिने पाण्याचा पेला पुढे केला. घड्याळ पाहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना मोठ्याने सांगितले, कोरम नाही, सभा तहकूब. आमच्या नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा कोरम लागत नाही. तो अर्धा तास आम्ही दोघी बसून राहिलो. पंखा फिरत होता. मध्येच तिने विचारले,

"तू सभासद म्हणून आलीस की आई म्हणून?"

"सभासद आहे का मी अजून?"

"दिग्दर्शक म्हणून काढलं होतं. सभासद म्हणून कुणी काढलेलं नाही."

वेळ झाल्यावर तिने उभे राहून ठराव वाचला. सूचक ती स्वतः. मग तिने समोर पाहत विचारले, "अनुमोदन?"

अनुमोदन मिळाले नाही तर ठराव बारगळतो. मी गप्प बसले असते तर संस्था कागदावर जिवंत राहिली असती, आणि माझी लेक म्हातारी होईपर्यंत ते दार उघडून खुर्च्यांपुढे बसत राहिली असती. मी तिच्याकडे पाहिले. भांगात पांढरे केस दिसत होते. दमल्यावर तिचे वडील करत तसा एक हात तिने कमरेवर टेकला होता.

मी अनुमोदन दिले. पण त्याच वेळी खोकल्याची उबळ आली आणि तिला नीट ऐकू गेले नाही. तिने पुन्हा विचारले. मला ते दोनदा म्हणावे लागले.

"ठराव एकमताने मंजूर," ती म्हणाली. एकमताने हा शब्द आमच्या मंडळात त्या दिवशी पहिल्यांदाच उच्चारला गेला.

नंतर आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो असे वाचणाऱ्याला वाटेल. तसे काही झाले नाही. तिने पंखा बंद केला, दिवे मालवले. ती पुढच्या दाराने गेली, मी मागच्या.

तरी वखार, जमीन व घर मी माझ्या लेकीला देते, कोणत्याही अटीवाचून. विकावी, पाडावी, काय वाटेल ते करावे. फळ्या वाळवीने पोखरल्या आहेत, त्यांची किंमत कोणी धरणार नाही. जागा नाटकाला द्यावी अशी माझी इच्छा नाही, देऊ नये अशीही नाही. तिने माझी परवानगी मनातसुद्धा मागू नये.

६. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. कोरम होणार नाही.

७. राजेंविषयी. संस्था बंद झाल्याचे त्यांना कोणी सांगायचे, हा प्रश्न होता. सभेच्या दिवशी ते घसा दाखवायला इस्पितळात होते, आणि त्यांना सूचना धाडायचा लेकीचा धीर झाला नव्हता, तसा आता सांगायचाही होईना. मग मीच गेले. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत ते एकटे राहतात आणि बोलायचे ते पाटीवर लिहितात. तालमी थांबून कितीतरी काळ लोटला होता, तरी रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते वखारीत येत आणि अंधार पडेपर्यंत विंगेत स्टुलावर बसत. एक किल्ली लेकीने त्यांच्याकडेच ठेवली होती.

मी सांगितले. त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिले: मग संध्याकाळी जायचं कुठे?

मी म्हटले, माझ्याकडे या. चहा घेऊ, भांडू.

राजे हसले. मग त्यांनी, तुम्ही तरी किती दिवस अशा अर्थाने, माझ्या धापा टाकणाऱ्या छातीकडे बोट दाखवले, आणि किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

राजेंना मी माझा रेडिओ, लोकरीचा कोट आणि ओसरीवरची वेताची खुर्ची देते. त्यांच्या प्रश्नाला पुरेल असे माझ्या मालमत्तेत दुसरे काही नाही. मी पुन्हा पुन्हा शोधले आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि त्यात एक शब्दही बदलावा असे वाटले नाही म्हणून सही केली.

सही करणारी: वखारवाल्यांची लेक

साक्षीदार: राजे सहीला तयार होते, पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. म्हणून,
पहिले, राजेंच्या खोलीखालचे टायरवाले, ज्यांनी आमचे एकही नाटक पाहिलेले नाही;
दुसऱ्या, औषधांच्या दुकानातल्या बाई, ज्यांनी एक पाहिले होते, कोणते ते त्यांना आठवत नाही.
दोघांनी माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

स्थळ: राहत्या घरी, भिंतीच्या अलीकडे.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच.