तुम्ही जाल, असं मी म्हटलं म्हणून

अहो,

तुमचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मायना हाच. आज लिहायला बसले, कारण आज मला फार राग आला आहे आणि या घरात तो ऐकून घेणारं तुमच्यामागे कोणी उरलं नाही.

उद्या माझा दादा मला कल्याणला न्यायला येतो आहे. त्याच्या शाळेत मुलींचा वर्ग सुरू झाला आहे, शिकवायला बाई हवी. मोठे भावजी म्हणाले, जाऊ दे तिला. पण सासूबाईंची अट आहे. आधी देवापुढे उभं राहून मी म्हणायचं, की माझ्या जिभेनं नवऱ्याला नेलं. मगच जायचं. ऐकलंत?

आणि हे कशावरून? तुमच्या त्या फ्रेंचवरून!

कचेरीतल्या, गोव्याच्या शाळेत फ्रेंच शिकून आलेल्या कारकुनाकडून तुम्ही उच्चार शिकलात, त्याची बदली झाली तेव्हा त्याचं व्याकरणाचं पुस्तकही मागून घेतलंत. मग मला धरलंत. मी पानावर भात वाढायची आणि तुम्ही हळूच विचारायचात, "जाणे. वर्तमानकाळ." दुसरं क्रियापद मिळालं नाही का हो? घरातून निघताना 'येते' म्हणावं, 'जाते' कधी म्हणू नये, हे बाळकडू प्यालेली मी! तुम्ही 'मी जाते' विचारलंत की मी घाबरून 'मी येते'चं फ्रेंच सांगायची. तुम्हाला हसता हसता ठसका लागायचा. "अगं, फ्रेंचांना अपशकुन होत नाहीत!"

त्यात ते क्रियापद म्हणजे नुसता छळ. वर्तमानात 'व्हे', भविष्यात 'इरे', आणि भूतकाळाला तर मदतीला दुसरंच क्रियापद बोलवायचं! सख्खी भावंडं म्हणवतात आणि एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही. मी चिडले की तुम्ही म्हणायचात, "चीड, चीड. चिडलीस की तुझं लवकर पाठ होतं." खरंच व्हायचं.

त्या सकाळी तुम्ही कोलशेतकडच्या गावात मोजणीला निघालात. उंबऱ्यावर थांबून म्हणालात, "झ व्हे." मी जातो. आणि भुवया उडवल्यात, म्हणजे आता माझी पाळी, भविष्यकाळ. मी म्हटलं, "व्हूझिरे." तुम्ही जाल. अगदी बिनचूक! किती फुलला होता तुमचा चेहरा.

तेवढ्यात सासूबाई माजघरातून आल्या. "काय गो म्हणालीस?"

मी पदर सावरून आत वळले. पण तुम्ही हसत हसत सांगून टाकलंत, "आई, ती म्हणते, तुम्ही जाल!" काय गरज होती? आणि वर 'येतो' म्हणायलासुद्धा न थांबता चालू लागलात.

त्या गावात पटकीची साथ होती. साऱ्या ठाण्याला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. तरी पाटलाच्या ओसरीवर तांब्याभर पाणी प्यालात. सोबतच्या शिपायानंच सांगितलं. उकळून द्या, एवढं म्हणायला तुम्हाला भीड वाटली! आता त्या विहिरीला कोणी दोष देत नाही, तुमच्या भिडेला देत नाही. दोष माझ्या भविष्यकाळाला!

भावजींनी पुस्तक कळव्याच्या खाडीत सोडलं, वर नारळही वाहिला. फ्रेंच व्याकरणाला नारळ! तुम्ही असतात तर आपण पोट धरून हसलो असतो. पण त्यात एक प्रकरण आपलं राहिलंच होतं. 'तुम्ही गेला नसतात तर' असं म्हणायचं कसं, ते. नेमकं तेच शिकवायचं ठेवून गेलात. आता मी रोज ते मराठीत म्हणते.

सासूबाई म्हणतात, "अगो, एवढं एक वाक्य म्हण आणि मोकळी हो. माझ्याही जिवाला थंडावा मिळेल." त्या रडायला लागल्या की मलाही रडू येतं. त्यांचा मुलगा गेला, कबूल. पण माझं कोण गेलं, हे कधी कोणी विचारलं का?

दादाबरोबर जायला मिळावं म्हणून आज दुपारी मी देवघरात जाऊन ते वाक्य म्हणून पाहिलं. हो, पाहिलं! "माझ्या जिभेनं" इथवर आले आणि तुमचा तो उंबऱ्यावरचा चेहरा दिसला. मी बरोबर उत्तर दिलं म्हणून आनंदलेला. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. हे कबूल केलं, तर ती सकाळ पापाची ठरेल. तुमची माझी शेवटची सकाळ! एवढी एकच उरली आहे माझ्याजवळ, ती मी कल्याणच्या शाळेसाठीसुद्धा देणार नाही.

म्हणून तुम्हाला वचन देते. ते वाक्य मी म्हणणार नाही, आणि कल्याणला जायचीही राहणार नाही. परवानगी मिळाली नाही तर परवानगीवाचून निघेन. सासूबाईंच्या पाया पडेन. त्या रागात असल्या तरी सवयीनं म्हणतीलच, "येते म्हण गो."

मी म्हणेन, "जाते."

तुमची विद्यार्थिनी,
यमुना