कपाटातली वाकळ

अहो,

सृष्टीला घेऊन मी केमला आईकडे जातेय. आल्यावर आधी फ्रिज चालू करा. ऑडिओबुकच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते म्हणून बंद केला होता, तो गडबडीत तसाच राहिला. दूध नासलं असेल, ओतून टाका. भाकरी टोपल्यात आहे.

फॅन बंद, खिडक्या बंद, तरी वाचताना खोलीत आवाज घुमायचा. म्हणून माइक कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि मागं आबांची वाकळ टांगली. ते गेल्यावर त्यांचं बाकीचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं, पण ही तुम्ही वडलांची म्हणून ठेवून घेतली होती. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.

आवाज एकदम स्वच्छ आला. फक्त माझं वाक्य संपलं की मागून हळूच 'हं' ऐकू येतो. सृष्टी गोष्ट सांगायची तेव्हा आबा हुंकार द्यायचे ना, अगदी तसा. आधी वाटलं, माझाच श्वास असेल.

आज दुपारी पाणी प्यायला थांबले. हेडफोन काढून ठेवला होता, रेकॉर्डिंगही बंद होतं. तरी कपाटातून ऐकू आलं, "जोती आला व्हय?"

दवाखान्यात तुम्ही पोचेपर्यंत ते हेच विचारत होते.

वाकळ अजून तिथंच आहे. मी हात लावला नाही. घाबरून एवढंच बोलून गेले, "संध्याकाळी येतील."

त्यावर 'हं' आला.

पायल