काळ्या गाडीतला अनुभव

एमिलकाका,

विद्यापीठाच्या रुग्णवाहिका विभागाची मी नवी प्रमुख, म्हणून इथल्या मासिकात माझी ओळख छापायची आहे. या कामाचा अनुभव कुठला, असं मासिकाच्या बाईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "घरचाच धंदा होता." ती बाई म्हणाली, "अरे वा, घरात सगळे डॉक्टर?"

आता तिला काय सांगू? तुमचं अंत्यसंस्काराचं दुकान, आणि गावची रुग्णवाहिका म्हणजे त्याच दुकानाची प्रेतं न्यायची काळी गाडी. तेव्हा आयोवा राज्यात गावोगाव तसंच होतं, माणूस आडवा मावेल अशी गाडी दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच. मी मागे बसून आजाऱ्याचा हात धरायची. तुम्ही मात्र जिवंत असो की मेलेला, दोघांना एकाच संथ चालीनं न्यायचात. एकदा गावातल्या मिसेस लुंडग्रेन वाटेत शुद्धीवर आल्या, मखमली पडदे पाहून म्हणाल्या, "थांबवा, मला बरं वाटतंय," आणि चालत घरी गेल्या.

मी रुग्णवाहिकेचं शिक्षण घ्यायला निघाले, तर "घरच्यांच्याच पोटावर पाय देतेस" म्हणून तुम्ही बोलणंच टाकलंत.

शनिवारी आमच्या विद्यापीठाचा फुटबॉल सामना बघताना तुम्ही कोसळलात. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी तुमचं हृदय पुन्हा सुरू केलं. गाडीत मी हात धरून बसले होते. तुम्ही डोळे उघडून वर पाहिलंत.

"पडदे नाहीत. म्हणजे गाडी तुझी."

"हो काका."

"मग जरा जोरात घ्यायला सांग."

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं तर तुम्ही वाचाल, आणि "असं मी बोललोच नाही" म्हणाल.

पोटावर पाय देणारी,
इंग्रिड