जोडाच्या वर की खाली

रत्नागिरी

रितेशदादा,

हे पत्र मी मुंबईला पाठवणार नाही, तरी लिहितेय.

अण्णांच्या आतड्यातून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट काल आला. "बडिंग जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. गाठीच्या कडेने पेशींचे बारीक कोंब फुटलेत, म्हणजे आजार उलटायची भीती जास्त.

अण्णा नर्सरीत आंब्याची कलमं बघत होते. मी एवढंच सांगितलं, "कोंब फुटलेत म्हणतात."

"जोडाच्या वर की खाली?"

रोपाला फांदी बांधली त्या जोडाच्या वर फुटलं तर कलम जगलं. खालचा फुटवा कलमाला मारतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक.

"वर," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या रोपाचा जोडाखालचा फुटवा नखाने खुडला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रितेशलाही वरच सांग गो."

तुझी,
नमू